आजी बनात गेली

प्रिय शीलाताई,

उद्या सकाळी मला तुमच्या मिनूला एक गोष्ट सांगायची आहे. तुमच्या गोष्टींच्या वहीत ती नाही. मी वही दोनदा उलटून पाहिली. तिला सांगायच्या आधी तुम्हाला सांगावी असं वाटलं, कारण मिनू तुमची नात आहे आणि जे घडलं त्यात तुमच्या गोष्टींचाही हात आहे. माझा तर आहेच.

दुपारचे तीन वाजले असतील. लेकरं घरी गेली. अंगणवाडीच्या दाराला आतून कडी लावून मी सतरंजीवर बसले आहे. मागच्या कापसाच्या पऱ्हाटीत काही सळसळलं की हात थांबतो. मी कान देते, काही नाही ना याची खात्री करते, मग पुढे लिहिते. अक्षर वाकडं आलं तर रागावू नका. माझ्या वेलांट्या तुम्ही लाल पेनानं दुरुस्त करायच्या, आठवतं? मी मदतनीस. माझं काम खिचडी शिजवायचं आणि घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायचं. तरी तुम्ही मला रोज अर्धा तास लिहायला बसवायच्या. "मी नसली तं रजिस्टर कोण भरन?" असं म्हणायच्या. मी हसायचे.

तुम्ही गेलात त्याला तीन महिने झाले. पोळ्याच्या आधी उमरखेडला मीटिंगला गेला होतात. येताना ढाणकीला जीपमधून उतरलात, छातीत कळ आली म्हणून पाणी मागितलंत, आणि कोणी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. निरोप आला तेव्हा मी इथे डाळ निवडत होते. खरं सांगू? पहिल्यांदा दुःख झालंच नाही. आधी आली ती भीती. उद्यापासून या चौदा लेकरांसमोर मी एकटीनं काय बोलायचं?

नवीन सेविका येईपर्यंत तूच सांभाळ, असं मोठ्या मॅडम म्हणाल्या. ती अजून आली नाही. शिजवते मीच, शिकवते मीच. गाणी मला येत होती, रंग ओळखायला शिकवता येत होते. पण गोष्टीची वेळ झाली की लेकरं भिंतीला टेकून बसत आणि माझ्या तोंडाकडे पाहत. त्यांना बनातली गोष्ट हवी असे.

आठ वर्षं मी ते बन ऐकलं, ताई. उंदरांनी अर्धं खाल्लेलं एक चित्रांचं पुस्तक कपाटात होतं. त्यातली अक्षरं गेली होती, चित्रं तेवढी उरली होती. त्यावरून तुम्ही अख्खं बन उभं केलंत. भुऱ्या ससा, साळूबाई साळिंदर, एक म्हातारं कासव, लंगडी टिटवी आणि झोप न येणारा वाघोबा. पाचही जण एका मोहाच्या झाडाखाली राहायचे. साळूबाईच्या काट्यांवर भुऱ्या बोरं वाळत घालायचा. टिटवी लंगडायची म्हणून कासव तिला पाठीवर घेऊन फिरायचं, आणि मग दोघांनाही कुठेच वेळेवर पोचता यायचं नाही. लेकरं किती हसायची त्याला! वाघोबाला झोप आली नाही की तो चिडायचा, म्हणून सगळे त्याला पाळीपाळीनं अंगाई म्हणायचे. ती अंगाई तुम्ही स्वतः रचली होती. आपली सगळी लेकरं डोळे मिटून, हळू आवाजात ती म्हणायची. त्यात मिनूचा आवाज सगळ्यात वर असायचा.

आणि ते बन कुठे आहे, असं कोणी विचारलं की तुम्ही खिडकीतून बोट दाखवायच्या. पऱ्हाटीच्या पलीकडे, नाल्याच्या पलीकडे, जिथे खरंच जंगल सुरू होतं तिथे.

काहून दाखवत होता, ताई? दुसरीकडचं एखादं बन सांगता आलं नसतं का?

आता तुम्हाला माझी चूक सांगते. तुमच्या मागे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मिनू पुन्हा अंगणवाडीत येऊ लागली. पाच वर्षांचं लेकरू. रोज जेवायच्या वेळी विचारायची, "मावशी, आजी कवा येते?" मी कधी गुळाचा खडा द्यायचे, कधी पाखरू दाखवायचे. एक दिवस तिनं वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, आजी आल्यावरच जेवीन. बाकीच्या तेरा जणांनीही खाणं थांबवलं. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. त्या डोळ्यांची मला इतकी भीती वाटली की माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी बनात गेली. टिटवीपाशी राह्यते."

मिनूनं वाटी ओढली आणि खिचडी खाल्ली. ढेकर दिला. मला वाटलं, जमलं बाई.

तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत होतं. मागच्या उन्हाळ्यात पारव्याचं पिल्लू पंख्याला आपटून मेलं, तेव्हा तुम्ही ते लेकरांना हातात घेऊन दाखवलं होतं. हे मेलं, आता हे उडणार नाही, असं सांगून निंबाखाली त्यांच्याच हातानं पुरायला लावलं होतं. मी नंतर तुम्हाला विचारलं होतं की मग तुमच्या बनात कोणीच कसं मरत नाही. तुम्ही म्हणालात, "खरं मरण लेकरांले खरंच सांगावं, सुनंदा. गोष्टीत कायले?"

ऐकलं होतं मी ते. तरी तुमचं खरं मरण मी गोष्टीत नेऊन टाकलं.

दसरा झाला आणि वाघ आला. आधी पलीकडच्या गावात गोऱ्हा मारला. मग त्याच गावातली एक बाई कापूस वेचता वेचता गेली. सोबतच्या बायांनी फक्त तिची ओटी पाहिली, कापसानं भरलेली, वावराच्या कडेला धुऱ्यावर पडलेली. हे ऐकल्यापासून गावात कोणी मोठ्यानं बोलेना. फॉरेस्टवाले आले, झाडांना कॅमेरे बांधून गेले. एकटं जाऊ नका, वाघ दिसला तर पळू नका, पाठ दाखवू नका, असं त्यांनी चावडीवर सगळ्यांना सांगितलं.

पण यंदाचं साल असं आहे की घरी बसताही येत नाही. बोंडअळी आत शिरलेली. बोंड वरून हिरवंगार, उघडलं की आत किडलेलं. जो कापूस फुटला तो लगेच वेचला नाही तर तोही हातचा जातो. फवारणीनं माणसं आजारी पडली. आमचे हेही चार दिवस दवाखान्यात होते, डोळ्याला नुसतं पाणी आणि उलट्या. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली आहे यंदा. फवारा तोंडावरच येतो. आणि तिच्यात कोण बसलंय ते दोन हातांवरूनही दिसत नाही. तरी बाया जातात, चार-सहा जणी मिळून, डबे वाजवत. तुमची सून वंदनाही जायची. तुमचा प्रदीप हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगवर, घरी ती आणि मिनू दोघीच. सगळ्या जणी जाताना लेकरं माझ्याकडे सोडत आणि म्हणत, "दार लावून ठेव वो सुनंदा."

मी लावत होते, ताई. रोज लावत होते. पण तुम्हाला आपली ती कडी माहीत आहे. दार वर ओढून धरलं तरच बसायची.

त्या दिवशी मंगळवार होता. बारा वाजत आले होते. मी खिचडी उतरवली, ओळीनं वाट्या वाढल्या. चौदा वाट्या. लेकरं जेवायला लागली आणि एक वाटी तशीच राहिली. वाफ निघत होती तिच्यातून. मी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग दाराकडे पाहिलं. दार वीतभर उघडं होतं.

मिनूची सखी आहे ना, गुड्डी, तिला विचारलं. ती घास चावत चावत म्हणाली, "मिनू बनात गेली. आजीले आणाले."

मी धावत दाराबाहेर आले, ओट्यावर कोणी नव्हतं.

तेरा लेकरांना टाकून जाता येत नव्हतं. समोरच्या गंगाआजीला हाक मारली, तिला दारात बसवलं, बाहेरून दाराला दोरी बांधली. ती म्हणाली, माणसं बोलावून आण. माणसं सगळी वावरात. त्यांना गोळा करत बसले असते तर किती वेळ गेला असता? मी भिंतीवरची ताटली आणि पळी घेतली आणि मागच्या पऱ्हाटीत शिरले.

पहिल्यांदा ताटली जोरात वाजवली. दहा-पंधरा पावलं गेले आणि मनात आलं, वाघ जर माझ्या आणि मिनूच्या मध्ये असला तर? या आवाजानं तो तिच्याकडेच जाईल ना? हात थांबला. त्यानंतर मी ताटली पोटाशी धरून चालले, वाजणार नाही अशी. वाजवावी की नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही. तुम्ही असता तर विचारलं असतं.

पऱ्हाटीच्या आत ऊन नव्हतं. औषधाचा वास होता. फांद्या साडीत अडकत होत्या. मी "मिनू, मिनू" अशा हाका मारत होते, पण दबक्या आवाजात. मध्येच ओल्या मातीत तिची गुलाबी चप्पल दिसली. एकच. ती उचलून कमरेला खोचली. तेव्हा जे मनात आलं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही लिहिणार नाही.

नाल्याजवळ पोचले तर वरच्या झाडावर वानरं खोकल्यासारखं ओरडत होती. त्यांचं तसं ओरडणं कशाचं असतं ते आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. रेतीत पंजा उमटला होता. माझ्या हाताच्या पंजापेक्षा मोठा, आणि त्यात पाणी अजून झिरपत होतं.

आणि मला अंगाई ऐकू आली.

तुमची अंगाई, ताई. वाघोबाला झोपवायची. मिनू म्हणत होती.

ती नाल्याच्या काठावर करंजीच्या झाडाखाली मांडी घालून बसली होती. एक पाय अनवाणी. आणि नाल्यातल्या डबक्यात, इथून हापशी आहे ना, तेवढ्याच अंतरावर, तो बसला होता. मागचं अंग पाण्यात, म्हैस बसते तसा. डोकं वर. तो मिनूकडेच पाहत होता. मग माझ्याकडे पाहिलं. शेपटीचं टोक पाण्यावर हलत होतं, तेवढंच. मी आयुष्यात इतकं मोठं तोंड कधी पाहिलं नव्हतं. सुंदर होता का, असं कोणी कोणी विचारतात. मला माहीत नाही. मला त्याचं पोट वर-खाली होताना दिसत होतं आणि माझा स्वतःचा श्वास कुठे आहे ते सापडत नव्हतं.

ताटली मी खाली टाकली नाही, हे कसं काय झालं देव जाणे. हळूच ठेवली. चार पावलं पुढे गेले, त्याच्याच दिशेनं. ती चार पावलं कशी टाकली ते आठवत नाही. मिनूला खांद्याशी घेतलं. ती माझ्या कानात म्हणाली, "अजून झोपला नाई, मावशी." मी तिच्या तोंडावर हात ठेवला. इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिच्या गालावर माझ्या बोटांचे वळ होते. तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती.

पाठ दाखवू नका म्हणाले होते. म्हणून मागे मागे चालले. तो दिसत होता तोवर एक भीती होती. पऱ्हाटी मध्ये आली आणि तो दिसेनासा झाला तेव्हा जी भीती वाटली ती वेगळीच. आता तो कुठेही असू शकत होता. एका जागी मागून कोणीतरी पदर ओढला. माझं सगळं संपलं असं मी धरून चालले. मिनूवर वाकले, डोळे मिटले. किती वेळ गेला माहीत नाही. काहीच झालं नाही तेव्हा हात मागे नेला. पदर पऱ्हाटीच्या फांदीत अडकला होता.

रस्त्याला लागल्यावर मी खाली बसले. उठताच येईना. साडी ओली झाली होती, नाल्याच्या पाण्यानं नाही. मिनूला विचारलं, मी हाका मारत होते तर ओ काहून दिली नाही? म्हणाली, "त्याले झोप येऊन राह्यली होती ना." मग इकडेतिकडे पाहून म्हणाली, "मावशी, आजी तं तिथं नव्हती."

मी कमरेची चप्पल काढून तिच्या पायात घातली. तेव्हाही सांगता आलं असतं. पण बोलले नाही.

पुढे काय झालं ते ऐका, आणि माझ्यावर चिडायचं तर इथे चिडा. वंदना वावरातून धावत आली, मिनूला घेतलं आणि सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय ओढून घेतले. लोकांनी विचारलं, लेकरू बाहेर गेलंच कसं? मी म्हणाले, कडी ढिली होती. खोटं नव्हतं ते. कडी ढिलीच होती. दुसऱ्या दिवशी सुतारानं नवीन कडी बसवली. आणि शनिवारी सरपंचांनी चावडीवर बोलावून मला शाल आणि नारळ दिला. वाघाच्या तोंडातून लेकरू आणलं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. त्या फोटोत मी खाली पाहते आहे. सगळ्यांना वाटतं, लाजली.

शाल घरी पेटीत ठेवली आहे. अंगावर घेऊच शकले नाही.

आणि मिनू घरात बसली. वंदनानं तिला कुठेच पाठवलं नाही. स्वतःही वावरात गेली नाही. दाराला आतून कडी, खिडकी बंद, दोघी आत. दहा-अकरा दिवस. वंदनाचा कापूस झाडावरच लोंबून खाली पडला, बायांनी निरोप दिले तरी ती बाहेर आली नाही. मी रोज तिच्या घरावरून येत होते. रोज वाटायचं, आज दार वाजवते आणि सांगते. हात वर जायचा आणि पाय पुढे निघायचे. मला कशाची भीती होती? नोकरी जाईल, ही होती. गाव काय म्हणेल, ही होती. पण त्याहून जास्त एक. वंदना मला कधीच माफ करणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल, याची.

वाघासमोर मी चार पावलं पुढे गेले, ताई. आणि वंदनाच्या दाराशी एक पाऊल टाकता येईना. असं कसं असतं माणूस?

आज सकाळी ती स्वतः आली. दारात उभी राहिली, मिनूचा हात धरून. जयभीम केला. तिचा चेहरा पाहून मी घाबरले, अर्धी झाली आहे ती. मिनू गुड्डीजवळ जाऊन बसली, ठोकळ्यांशी खेळायला लागली, जशी कालच गेली होती. थोड्या वेळानं तिनं खिडकीकडे पाहत मला विचारलं, "मावशी, आजी कोन्त्या झाडापाशी राह्यते? मले करंजीपाशी नाई सापडली."

वंदनानं ते ऐकलं. तिचा हात चौकटीवर घट्ट झाला.

मी तिला बाहेर ओट्यावर नेलं. उभ्यानंच सांगितलं, कारण बसले असते तर पुन्हा शब्द गिळले असते. म्हणाले, "वंदना, मिनूले बनात मीच धाडलं. आजी बनात गेली, टिटवीपाशी राह्यते, असं मीच सांगतलं होतं तिले. कडीचं निमित्त झालं. तुले जे म्हणायचं थे म्हण."

ती ओट्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता उठेल आणि सगळ्या गावाला ओरडून सांगेल. मी तयार होते. खरंच तयार होते.

मग ती खूप हळू म्हणाली, "मी बी तेच सांगतलं होतं."

मला कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मिनू घरीही रोज जेवताना हेच विचारायची. एक दिवस वंदनानं तिला जवळ घेऊन सांगितलं होतं की आजी बनात गेली, तिथं तिले बरं वाटते. तुमच्याच गोष्टीतलं बन. ना तिनं मला सांगितलं, ना मी तिला. लेकरानं दोन जागी एकच उत्तर ऐकलं. मग त्यावर विश्वास ठेवला तर तिचं काय चुकलं?

"त्या दिवशी तुह्या पायावर डोकं ठेवलं ना मी," वंदना म्हणाली, "थे माफी मागाले ठेवलं होतं. माह्या खोट्यापायी तू वाघापाशी गेलती. मले वाटे, प्रदीपले कळलं तं काय तोंड दाखवू. म्हणून दार लावून बसली."

म्हणजे इतके दिवस एकाच गल्लीत आम्ही दोघी आपापल्या दारांमागे एकाच गोष्टीला घाबरून बसलो होतो. मी तिच्या बाजूला बसले. दोघीही रडलो, पण आवाज न करता. आत लेकरं होती.

डोळे पुसून वंदना म्हणाली, "आत्याबाईनं पयल्याच दिवशी सांगतलं असतं तिले."

सांगितलं असतंच. तुम्ही तुमच्या मरणाचंही खरं सांगितलं असतं, जमलं असतं तर.

तर उद्याचं असं ठरलं आहे. लेकरं यायच्या आधी, सकाळी नऊला, वंदना मिनूला घेऊन येईल. आम्ही दोघी मिळून तिला सांगणार आहोत. ढाणकीच्या स्टँडपासून सांगू. छातीत कळ आली, पाणी मागितलं, श्वास थांबला. बनात कोणी गेलं नाही. रविवारी प्रदीप येणार आहे, त्यालाही वंदना सांगेल, मी सोबत असेन. आणि सरपंचांना शाल परत करायची. ते काय म्हणतील ते म्हणोत.

वाघ नदीकडे गेला असं फॉरेस्टवाले परवा सांगून गेले. कोणाचा विश्वास बसलेला नाही. माझाही नाही. मी अजून दचकून उठते, वाळत घातलेला पदर हलला तरी जीव वर येतो. लेकरांनाही आता सांगते की खरा वाघ कोणाचं गाणं ऐकत नाही, दिसला तर मोठ्या माणसाला बिलगायचं. तुमच्या गोष्टी मी बंद केल्या नाहीत, ताई. तशी काळजी करू नका. फक्त गोष्ट सांगताना खिडकी लावून घेते आणि बोट कुठेच दाखवत नाही.

पण उद्याची भीती वेगळी आहे. ती ऐकून काय करेल? तुम्ही आई झालात, सासू झालात, इतक्या लेकरांच्या बाई झालात. अशा वेळी लेकराचं तोंड कसं होतं ते तुम्ही पाहिलं असेल. मी पाहिलेलं नाही.

तरी तुम्हाला शब्द देते. मिनूनं उद्या काहीही विचारलं तरी मी खोटं बोलणार नाही. आजी परत येईल का विचारलं तर नाही म्हणेन. मेल्यावर माणूस कुठे जातं विचारलं तर मला माहीत नाही म्हणेन. मावशी, तू पण मरशील का, असं विचारलं, आणि ती विचारेलच, तर हो म्हणेन, आणि तेव्हा तिच्या डोळ्यांना घाबरून तोंड फिरवणार नाही. गूळ देणार नाही, पाखरू दाखवणार नाही. तिला हवा तेवढा वेळ रडू देईन. उद्या लेकरांना खिचडी उशिरा मिळाली तरी चालेल.

तुमची,
सुनंदा